दिवा कधी लागला?

५ जानेवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे बाबा, मी आणि मुंगी. फोन करणार होते, पण तू माझा फोन उचलत नाहीस, आणि चुकून उचललासच तर मी हवापाण्याचं विचारून ठेवून देईन, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून कागद.

आधी मुंगीची खबर. तिचं इंजिन उघडून बांधल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून शहाण्णव हजार किलोमीटर झाले, तेही कुणाच्या पायाखाली, तर ज्यांना क्लच आणि ब्रेक यांतला फरक अजून कळलेला नाही अशांच्या. आपल्या ड्रायव्हिंगच्या वर्गात येणारा प्रत्येक माणूस तिला दिवसातून दहा वेळा बंद पाडतो, आणि ती दहा वेळा निमूट चालू होते. एवढंसं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पण धीर आपल्या दोघींपेक्षा जास्त. गाडी जागेवर चालू असताना बाबांचा चष्मा बॉनेटवर ठेवला तर त्याच्या काड्यासुद्धा हलत नाहीत. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला हा प्रयोग करून दाखवतात. परवा चष्मा घसरून पडला, पण तो बॉनेटच्या उतारामुळे, असं त्यांचं म्हणणं.

आणि आता खुर्ची धरून बस. मुंगीचं सगळं मी करते. मी! जिनं विणकाम चार दिवसांत सोडलं आणि पोहणं तीन दिवसांत. आपल्या मिस्त्रींकडे दोन वर्षं दर रविवारी जाऊन शिकले. पुस्तकात ऑइल दहा हजारांनी बदला म्हणून लिहिलंय, मी चार हजारांनी बदलते. कारण शिकाऊ माणसाचा किलोमीटर हा साधा किलोमीटर नव्हे. सगळा पहिल्या गियरमध्ये, रडत-खडत, आणि इंजिन जरा गरम होतंय तोवर गाडी बंद. प्लग, एअर फिल्टर, पट्टा, कूलंट, सगळ्याच्या तारखा दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवते. रोज सकाळी गाडी थंड असताना काठी ओढून तेल बघते. बाबा म्हणतात, "झाली का नाडी बघून?" त्यांना आवडतं ते, बोलत नाहीत एवढंच.

बाबा आता बहात्तरचे. रस्त्यावरचं शिकवणं माझ्याकडे आलं, फळ्यावरचं अजून त्यांच्याकडे आहे. पुढच्या खोलीत तेच बाक, तोच फळा, आणि टेबलावर तोच जुन्या गाडीचा काढून आणलेला डॅशबोर्ड. बटण दाबलं की त्यातले दिवे लागतात.

नवीन बॅचमध्ये एक टायपिस्टबाई आल्यात, त्रेसष्ट वर्षांच्या. गाडी का शिकायची म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "निवृत्त झाले. बोटांनी चाळीस वर्षं कामं केली, आता पायांनी करू देत." मला फार आवडल्या. क्लच मात्र टाइपरायटरच्या बटणासारखा सोडतात. ठक्!

मी मजेत आहे, ताई. खरंच. कामाला हात पुरत नाहीत आणि झोप डोळ्यांत मावत नाही. आणखी एक सांगायचं होतं, पण कागद संपला.

तुझी बहीण (अजून तरी)

१९ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. चार वर्षांत तुझं पहिलं अक्षर, आणि त्यात एवढंच: "पत्र मिळालं. कागद संपला हे खोटं, मागची बाजू कोरी आहे. काय सांगायचंय ते सांग." मला इतकं हसू आलं की बाबांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, "टायरवाल्यांची जाहिरात." हे दुसरं खोटं.

सांगते. तुला माहीत नसेल, पण बाबांच्या तिसऱ्या तासात एक धडा असतो. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लावतात, किटलीचं चित्र असलेला, आणि म्हणतात, "हा तेलाचा दिवा. हा लागला की गाडी तिथल्या तिथे बंद. माझी थोरली मुलगी, माझ्याच हाताखाली शिकलेली. मुलाखतीला निघाली होती. दिवा लागला तरी गाडी हाकत राहिली. इंजिन जाम. मुलाखत बुडाली. मास्तरच्या पोरीची ही गत, तर तुमची काय?" लोक हसतात. मग ते फळ्यावर लिहितात, "दिवा दिसला, गाडी बंद."

चार वर्षं, दर बॅचला. मी मागे उभी राहून अर्ज लावत असते. मला तो धडा शब्दन् शब्द पाठ आहे, कुठे खोकतात तेसुद्धा.

मागच्या मंगळवारी टायपिस्टबाईंनी हात वर केला. "मास्तर, एक विचारू? दिवा कधी लागला होता?"

बाबा म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे लागल्यावर तिनं किती वेळ चालवली? तुम्ही तिला विचारलंत का?"

"ती म्हणाली, दोन मिनिटं. दोन मिनिटांत कुठं इंजिन जाम होतं?"

"होत नाही का?"

ताई, बाबांनी हातातला खडू उलटसुलट केला. मग म्हणाले, "सहसा नाही." आणि पुढच्या विषयावर गेले. बाई माझ्याकडे वळल्या. त्यांना वाटलं असेल, हिला इंजिनातलं कळतं, ही सांगेल. मी अर्ज लावत राहिले. एकावर एक, कोपरे जुळवून.

आज एवढंच. मागची बाजूही भरली.

तुझी
धाकटी

२० जानेवारी

ताई,

काल पत्र पेटीत टाकलं आणि तिथेच उभी राहिले. हात घालून परत काढता आलं असतं तर काढलं असतं. कारण ते अर्धं होतं. आज उरलेलं लिहिते. आता मध्ये थांबले तर परत धीर होणार नाही.

तुझ्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, उद्या ती लांब जाणार, ऑइल बदलून घ्या. मिस्त्रींचं दुकान बंद होतं. मी म्हटलं, "त्यात काय, मी करते." दहा वेळा बघितलं होतं ना. बाबांनी विचारलं, "जमेल?" मी म्हटलं, "डोळे मिटून." आणि तसंच केलं.

ऑइलचा फिल्टर म्हणजे एक डबा असतो, इंजिनाला फिरवून घट्ट बसवायचा. त्याच्या तोंडाला रबराची गोल कडी असते. जुना डबा काढला की त्याची कडी त्याच्याबरोबर यायला हवी. कधीकधी ती येत नाही, इंजिनालाच चिकटून राहते. ते बघायचं असतं, बोट फिरवून. मी नाही बघितलं. जुन्या कडीवर नवा डबा बसवला. एकावर एक दोन कड्या. अंगणात दहा मिनिटं गाडी चालू ठेवली, थेंब पडला नाही. मी स्वतःवर खूश होऊन हात धुतले.

दोन कड्या एकमेकींवर टिकत नाहीत. गाडी जागेवर असते तोवर टिकतात. मोठ्या रस्त्यावर वेग घेतला, तेल तापून पातळ झालं, दाब वाढला, की एक कडी घसरून बाहेर येते आणि सगळं तेल रस्त्यावर. मग दिवा लागतो. तेव्हा इंजिनात तेल उरलेलंच नसतं. त्या वेगात दोन मिनिटं पुष्कळ झाली, ताई. तू पुलावर होतीस. थांबायला जागा नव्हती. तू सगळं खरं सांगत होतीस.

दोर बांधून मुंगीला घरी आणलं, तेव्हा मिस्त्री यायच्या आधी मी खाली शिरले. फिल्टर काढला. एक कडी जिभेसारखी बाहेर लोंबत होती. ती मी खिशात घातली आणि डबा कचऱ्यात टाकला. वर येऊन म्हटलं, खालून दगड लागलेला दिसतोय. बाबांनी मला विचारलं, "तुझं काही राहिलं नव्हतं ना?" मी म्हटलं, "नाही." एकच शब्द, पण चांगला मोठ्यानं म्हटला. मग ते तुझ्याकडे वळले. दगड कुणालाही लागतो, पण दिवा कशाला असतो, म्हणून ओरडले. सगळी गल्ली ऐकत होती. आणि तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "तू तरी सांग यांना, मी खोटं बोलते का कधी?" मी फडक्याला हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं. चोर शेजारीच उभा होता.

नंतर वाटलं, आठवड्यात सांगू. आठवड्यात तू बॅग भरून गेलीस. मग वाटलं, तू फोन केलास की सांगू. मग वाटलं, आता सांगून काय होणार. दरवेळी काहीतरी मिळत गेलं. मिस्त्रींकडे शिकायला गेले तेही म्हणूनच. त्यांनी पहिल्याच रविवारी काय शिकवलं सांगू? फिल्टर काढला की आधी बोट फिरव, जुनी कडी आलीय का बघ. माझ्याकडे न बघता म्हणाले. दुसऱ्या रविवारी परत तेच. त्यांना कळलं होतं. मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी मला सांगितलं नाही.

माफ कर असं लिहायला हात उचलत नाही, कारण तू करणार नाहीस तर तो शब्द कोरडा जाईल, आणि करशील तर ते मला फार स्वस्तात पडेल. चूक माझी होती. एवढंच.

धाकटी

८ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. मी वाट बघत नाही असं लिहिणार होते, पण खोटं बोलायचं सोडलंय. पोस्टमन आला की मी गाडी मध्येच थांबवायला सांगते आणि शिकणाऱ्याला वाटतं त्याचंच काहीतरी चुकलं.

बाबांना सांगितलं. परवा, सकाळी अकराच्या तासाच्या आधी. ते अंगणात मुंगीची काच पुसत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तुला लिहिलं त्याच क्रमाने.

त्यांनी आधी काय विचारावं? "दोन्ही कड्या एकावर एक?"

"हो."

"आणि जागेवर गळलं नाही?"

"दहा मिनिटं चालू ठेवली होती. नाही गळलं."

"नाहीच गळणार," म्हणाले. जणू मी परीक्षेत बरोबर उत्तर दिलं होतं. मग दार उघडून शिकणाऱ्याच्या जागी बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, दहा वाजून दहा मिनिटांच्या घड्याळासारखे, जसे शिकवतात तसे. काही वेळाने म्हणाले, "म्हणजे ती सांगत होती तेवढंच झालं होतं."

"हो, बाबा."

"आणि मी गल्लीला ऐकवलं."

मी दुसऱ्या बाजूची काच पुसायला घेतली.

अकराला बॅच आली. मला वाटलं, आज तास होणार नाही. पण ते आत गेले, फळ्यासमोर उभे राहिले. विषय दुसराच होता, वळणाचे नियम. त्यांनी फळा पुसला आणि म्हणाले, "मागे एका तासाला तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती, माझ्या थोरल्या मुलीची. ती चुकीची आहे. तिनं काही चूक केली नव्हती. गाडीच तिला बिघडलेली दिली होती, आम्ही घरच्यांनी. दिवा लागला तेव्हा तिच्या हातात काही उरलंच नव्हतं. तेव्हा जुना धडा खोडा." आणि फळ्यावर लिहिलं, "दिव्यावर विसंबू नका. निघण्याआधी काठी ओढून तेल बघा." लोकांनी वह्यांत खोडलं, नवं लिहून घेतलं. टायपिस्टबाईंनी लिहिलं नाही. त्या बाबांकडे बघत होत्या. तास संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "मास्तर, छान शिकवलंत." बाबांनी खडू खाली ठेवला.

"घरच्यांनी" म्हणाले, ताई. माझं नाव घेतलं नाही. आणि त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. ताट वाढून ठेवतात, झाकतात, आणि आत जाऊन बसतात. ओरडले असते तर बरं होतं. ओरडण्याची सवय आहे.

धाकटी

२२ फेब्रुवारी

ताई,

बाबा बोलले. आठव्या दिवशी. मी मुंगीखाली आडवी होते, वरून आवाज आला, "पाचशे चाळीस किलोमीटर जाईल का ही?"

मी खालूनच म्हटलं, "कुठे?"

"थोरलीकडे."

मी म्हटलं, "फोन करा ना आधी."

"मी फोनवर ओरडलो नव्हतो. समोर ओरडलो होतो. माफी पण समोरच मागायची असते."

"मग बसने जा. आरामात झोपून जाल."

"बस नको. हीच गाडी हवी." आणि जरा थांबून, "आणि तूही."

तेव्हा ताई, आम्ही दोन मार्चला, शनिवारी निघतो, वाटेत एक मुक्काम करून रविवारी सकाळी पोचू. नको असेल तर बाबांना फोन कर. मला नको, त्यांना. मी समजून घेईन, आणि त्यांना समजावणं हे माझं काम.

मी आठ दिवस मुंगीच्या मागे लागलेय. ऑइल बदललं (बोट फिरवलं, तीनदा). प्लग नवे घातले. पट्ट्याला एक बारीक भेग दिसली, तो बदलला. कूलंट धुऊन नवं भरलं. ब्रेक मिस्त्रींनी बघितले, कारण उतारावर मला माझ्यापेक्षा त्यांच्यावर भरवसा आहे. मिस्त्री म्हणाले, "इंजिनाची काळजी करू नकोस. रोज जिची काळजी घेतली, ती प्रवासात दगा देत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माणसांचं सांगता येत नाही."

धाकटी

२ मार्च, दुपार

ताई,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, उद्या तुझ्या हातात देईन. तोंडाने सांगायला गेले तर अर्धं गाळेन, आणि बाबा समोर असले तर उरलेलं अर्धंही.

तू बाबांना फोन केलास हे त्यांनी मला काल सांगितलं. मी विचारलं, काय म्हणाली? तर, "म्हणाली, चढावर दुसऱ्या गियरमध्ये या." एवढंच. ते वाक्य त्यांनी सबंध संध्याकाळभर पुन्हा पुन्हा सांगितलं, जणू कुणी त्यांना मानपत्र दिलंय.

आत्ता एका मोठ्या चढणीच्या मध्यावर, झाडाखाली, बॉनेट उघडून बसलोय. घाबरू नकोस. असं झालं: पुढे मालट्रकांची रांग, आम्ही दुसऱ्या गियरमध्ये (तुझ्या हुकमाप्रमाणे) मुंगीच्या पावलांनी वर. मोकळ्या रस्त्यावर समोरच्या वाऱ्यानं इंजिन थंड राहतं, अशा रांगेत मात्र सगळी मदार रेडिएटरच्या पंख्यावर. तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकायला लागला आणि मी कान दिला तर पंख्याचा आवाजच नाही.

थांबायला जागा नव्हती. ताई, त्या क्षणी मला तुझा पूल कळला. चार वर्षं मी तो नुसता मनात बघत होते, आज मी त्याच्यावर होते. मागे हॉर्न, पुढे ट्रक, कडेला कठडा, आणि डोळ्यांसमोर चढणारा काटा. थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही म्हणजे काय, ते अंगावर आल्याशिवाय कळत नाही.

मला एक उपाय माहीत होता. गाडीतला हीटर पूर्ण चालू केला. हीटर म्हणजे इंजिनाचीच गरमी आत ओढून घेणं. तेवढीच इंजिनावरची कमी होते. काचा खाली केल्या तरी आत भट्टी. बाबांनी कोट काढला, मग टोपी, मग बनियनवर आले. काटा थांबला. मग हळूच एक रेघ खाली आला.

त्या भट्टीत बाबा बोलायला लागले. घामानं निथळत, समोर ट्रकच्या पाठीकडे बघत.

"मला सांगायला घाबरलीस?"

"हो."

"मी मारलं असतं का?"

"नाही हो बाबा. आवाजाला घाबरले."

त्यांनी टोपीनं तोंड पुसलं. मग म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांना शिकवलं. पहिल्या दिवशी सांगतो, शिकणाऱ्यावर ओरडू नये, ओरडलं की त्याचा पाय चुकीच्या पेडलवर जातो. बाहेरच्यांवर कधी ओरडलो नाही." जरा थांबून, "सगळं घरी आणून ओतलं."

मी म्हटलं, "चूक माझी होती. तुमचा आवाज मध्ये घालू नका."

तर म्हणाले, "चूक तुझी. ती लपवावी लागली, ती माझी. आपापलं सामान आपणच उचलू." आणि मग, "तो हीटर जरा कमी होतो का?"

मी म्हटलं, "नाही." आणि दोघंही हसायला लागलो. खरंच हसलो ताई, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि त्यातलं घामाचं किती आणि दुसरं किती ते विचारू नकोस.

वर रुंद जागा मिळाली तशी गाडी लावली. पंख्याच्या वायरचं आवरण एका ठिकाणी घासून गेलं होतं, त्यामुळे फ्यूज उडाला होता. चिकटपट्टी गुंडाळली, फ्यूजच्या डब्याच्या झाकणात एक जादा फ्यूज असतो तो घातला. पंखा फिरला. मी तयारीत सगळं बघितलं होतं, ती वायर नव्हती बघितली. तर माझ्या हातून अजूनही राहतं, हे तुला आधीच सांगून ठेवते. फरक एवढाच की आता मी लगेच सांगते.

बाबा झाडाखाली बनियनवर बसून चहा पितायत आणि चहावाल्याला हीटरचं शास्त्र समजावून सांगतायत. इंजिन निवलं की निघू.

धाकटी

१८ मार्च

ताई,

पोचले. एकटीच आले, म्हणून मुक्काम न करता सकाळी निघून सूर्य मावळायच्या आत घरी. वाटेत दोनदा काठी बघितली, तेल जिथल्या तिथे. पंखा नीट.

बाबांना तू ठेवून घेतलंस हे बरं केलंस. महिनाभर तरी राहू दे. इथला फळा मी सांभाळते. मला त्यांच्यासारखं रंगवून सांगता येत नाही, पण दिवे लावता येतात.

तुझ्याकडे असताना जे बोलायचं राहिलं ते लिहिते. बाबा दारात उभे राहून "माझं चुकलं" म्हणाले आणि तू म्हणालीस, "आधी आत या, हात-पाय धुवा." त्यांना तेवढं पुरलं. मला दिसलं, त्यांचे खांदे खाली आले. मग तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "तुला मात्र इतक्यात नाही." मी मान हलवली. मनात काय आलं सांगू? बरं वाटलं. तू तिथल्या तिथे गळ्यात पडली असतीस तर मला वाटलं असतं, हिनं पत्र नीट वाचलं नाही.

आणि मग तू हात पुढे केलास, "किल्ली." एकटी गेलीस. आम्ही दोघं तुझ्या जिन्यात बसलो. बाबा दर पाच मिनिटांनी म्हणायचे, "पेट्रोल आहे ना?" दीड तासाने परत आलीस, गाडी एका फटक्यात भिंतीलगत लावलीस, किल्ली मला दिलीस आणि म्हणालीस, "क्लच जरा वर पकडतोय." बरोबर बोललीस. काल मिस्त्रींना दाखवला. प्लेट झिजत आलीय.

तुझी ती बियाणं तपासायची प्रयोगशाळा बघून मला फार आनंद झाला. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे आणि किती उगवतात ते बघायचं. तू मला एकेक कोंब दाखवत होतीस, तेव्हा विसरलीस की तू माझ्यावर रागावलेली आहेस. दहा मिनिटं तरी. मी मूर्खासारखं म्हणून गेले, "म्हणजे ती मुलाखत बुडाली ते एका अर्थी…" आणि तू चिमटा खाली ठेवलास. "ती नोकरी मिळाली असती तर मी इथं नसते, आणि इथं मला बरं वाटतं, हे खरं. पण ते माझं मी ठरवायचं होतं." मी ते ऐकलं, आणि लक्षात ठेवलंय, हे कळवते.

टायपिस्टबाई परीक्षा पास झाल्या. पहिल्या खेपेत! परीक्षकाने विचारलं, निघण्याआधी काय बघाल? सगळे म्हणतात आरसा, पट्टा. बाईंनी सरळ उतरून बॉनेट उघडलं, काठी ओढली आणि त्याला म्हणाल्या, "फडकं आहे का?"

धाकटी

६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र काल आलं. चार पानं, मागची बाजूही भरलेली. दोनदा वाचलं, मग मुंगीत बसून तिसऱ्यांदा. बाबा रोज तुझ्या डब्यात काय आहे ते झाकण उघडून बघतात हे वाचून हसले. ते तेल बघतायत, दुसरं काही नाही.

आता तुझ्या मुख्य मुद्द्यावर येते. तू गाडी घेतेयस! जुनी, छोटी, पेट्रोलची, तीन सिलिंडरची. विकणारे गृहस्थ शिक्षक आहेत, गाडी दिसायला छान आहे, बाबांना पसंत आहे. आणि तू लिहितेस: "बाबा ठीक म्हणतात. पण ते रंग बघतात आणि दारं आपटून बघतात. इंजिन तू येऊन बघावंस असं मला वाटतं. तू हो म्हणालीस तर घेईन."

हे वाक्य मी चौथ्यांदाही वाचलं.

येते. शुक्रवारी सकाळी निघते. यावेळी बसने, कारण मुंगीचा क्लच मिस्त्रींकडे खोललाय, आणि परतीला तू मला तुझ्या गाडीतून स्टँडवर सोडशील, अशी आपली मी आशा धरून आहे. तोवर तू काही बोलू नकोस, काही ठरवू नकोस, आणि त्यांनी कितीही आग्रह केला तरी चक्कर मारायला जाऊ नकोस. लोक गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास गाडी चालवून ठेवतात. गरम इंजिन कुणाचंही गोड बोलतं. खोड कळते ती थंडीत, पहिल्या किल्लीला.

तर त्या शिक्षकांना सांग, शनिवारी सकाळी आम्ही दोघी बहिणी येतोय. आणि आम्ही येईपर्यंत गाडीला हात लावू नका. आम्हाला ती थंड बघायचीय.

तुझी
धाकटी